लेबरच्या ओळीतलं शून्य

मंगळवार, १९ मे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. कळंबजवळच्या एकतीस घरांच्या पाड्यावर, आपल्या घराच्या ओटीवर, समिधा विरले पाटावर लॅपटॉप ठेवून आकडे निळे करत बसली होती. आपण मानलेला आकडा निळा, त्यातून सूत्राने निघालेला काळा. दोन महिन्यांपूर्वी हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला तो रंगकामाचा फाजीलपणा वाटला होता. आता तिला माहीत होतं की समोरचा माणूस आधी निळे आकडे वाचतो, कारण थाप मारायची झाली तर ती तिथेच मारता येते.

अडीच वाजता मुंबईहून व्हिडिओ कॉल यायचा होता. आतल्या उंबऱ्यापाशी सासू सोनुबाई सुपात वाल घेऊन खडे निवडत होत्या.

"झाला का गं अभ्यास?"

"अभ्यास नाय आई, मॉडेल."

"तेच ते. बसून करायचं काम."

समिधा तेहतीस वर्षांची. कर्जतला बी.कॉम. झाली, मग सहा वर्षं चौक गावाजवळच्या एका मोठ्या गोदामात मालाची नोंद करायच्या कामावर होती. गेल्या ऑक्टोबरात ती नोकरी तिने सोडली. तिच्या डोक्यात एक धंदा होता आणि तो तिला रोज दिसत होता. कळंब ते नेरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुंबईकरांचे बंगले. शुक्रवारी रात्री गाड्या येतात, शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला बंगल्यातून केअरटेकरला हाक जाते: इथलं घरगुती जेवण कुठे मिळेल? केअरटेकर डोकं खाजवतो आणि बायकोला चुलीपाशी बसवतो.

समिधाने त्याला 'शनिवारचं ताट' असं नाव दिलं. गुरुवार संध्याकाळपर्यंत फोनवर मागणी घ्यायची, शनिवारी बारा ते दोनच्या दरम्यान नवऱ्याच्या, देवेशच्या टेंपोतून ताटं पोचवायची. तीन तांदळाच्या भाकऱ्या, वाटणाचं चिकन, वालाचं बिरडं, भात, सोलकढी. तीनशे रुपये. १५ नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी चौदा ताटं गेली. फेब्रुवारीत चाळीस जायला लागली आणि तिथेच थांबली, कारण पाच बायकांचा हात तिथे संपत होता.

त्या चाळीसांतलं एक ताट मुंबईतल्या एका फंडाच्या ओळखीच्या माणसाने खाल्लं. हा फंड खेड्यातल्या बायकांनी काढलेल्या धंद्यांत पैसे घालतो. साठ अर्जांतून त्यांनी सात ठेवले, त्यात समिधा. वीस लाख रुपये, त्या बदल्यात धंद्यात हिस्सा. त्यासाठी तीन वर्षांचं आर्थिक मॉडेल हवं होतं, छत्तीस महिन्यांचं, ५ जूनच्या आत. दुसरी तारीख १० जून. गोदामातल्या वरिष्ठाने जाताना सांगितलं होतं की तिची जागा जूनपर्यंत हंगामी माणसावर चालवतील. दहा तारखेपर्यंत ती आली तर तिची, नाही तर दुसऱ्याची. वीस लाख आले तर घरामागच्या दोन गुंठ्यांवर पत्र्याचं स्वयंपाकघर, दुसरा टेंपो, आणि चौकची बस पुन्हा धरायची नाही. नाही आले तर बस.

मॉडेल कसं करतात ते शिकायला फंडाने नऊ तासांचे इंग्रजी व्हिडिओ पाठवले होते. त्यात उदाहरण होतं कॉफीच्या दुकानाचं. एक यंत्र तासाला साठ कप करतं. दोन यंत्रं आणली की एकशेवीस. समिधाने ते दोनदा पाहिले, वहीत सगळं उतरवलं आणि मार्चअखेर कर्जतला पद्मजा गुप्ते यांच्याकडे गेली. पद्मजाबाईंनी तिला बारावीला वाणिज्य शिकवलं होतं. नवरा शरच्चंद्र वकील, तो वारल्यापासून बाई एकट्या राहतात, वय अडुसष्ट, आणि पुण्याच्या मुलाने टाकून दिलेल्या संगणकावर स्प्रेडशीट शिकून बसल्यात. समिधाचं पहिलं मॉडेल त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"चाळीस ताटं गुणिले तीस. तुमच्या कळंबला महिन्यात तीस शनिवार येतात का गं?"

समिधाने जीभ चावली.

"चार दशांश तेहतीस घाल. आणि ही महिन्याला आठ टक्के वाढ कुठून आणलीस?"

"व्हिडिओत होती."

"कॉफीवाल्याची वाढ तुझ्या भाकरीला कशी लागेल? राहू दे सध्या. पण निळ्या आकड्याशेजारी एक रकाना काढ. मथळा लिही, 'कुठून आला'. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही तो आकडा तुझा नाही."

तो रकाना काढल्यापासून मॉडेल सुधारत गेलं. चिकन, नारळ, तांदूळ, वाल मिळून ताटाला एकशेबासष्ट: बाजाराच्या पावत्या. डबा आणि गॅस चोवीस. टेंपोची फेरी एक हजार सहाशे चाळीस, चाळीस ताटांवर वाटली की एकेचाळीस. केअरटेकरचा दहावा हिस्सा तीस; हा कोणी सांगून ठरलेला नाही, पण न दिला तर फाटक उघडायला अर्धा तास लागतो. एकूण दोनशे सत्तावन्न. तीनशेतून त्रेचाळीस रुपये उरत होते. छत्तीसाव्या महिन्याच्या रकान्यात एका शनिवारची ताटं होती पाचशे एक्क्याण्णव.

अडीचला दोन मिनिटं कमी असताना कॉल आला. फंडातला अनुपम, सत्तावीस-अठ्ठावीसचा, शांत, दरवेळी आधी विचारणारा की आवाज येतोय ना. त्याने तिचं शीट स्वतःच्या पडद्यावर उघडलं होतं.

"मॅडम, फार व्यवस्थित आहे. सातांमध्ये हा सोर्सचा रकाना फक्त तुमच्याकडे आहे. एकच विचारायचं होतं. लेबरच्या ओळीत शून्य आहे. ती भरायची राहिली का?"

"नाही. शून्यच आहे."

"मग भाकऱ्या कोण करतं?"

"पाड्यावरच्या बायका येतात पाच जणी."

"त्यांना काय देता?"

"सावडीने येतात."

अनुपमने तो शब्द टिपून घेतला.

"म्हणजे व्हॉलंटिअर?"

"नाही, नाही. सावडीने. म्हणजे शनिवारी त्या माझ्याकडे दिवसभर येतात, लावणी-कापणीला आम्ही त्यांच्या शेतावर जातो. दिवसाला दिवस."

"ओके. म्हणजे त्यांचे तास तुम्हाला परत द्यायचे आहेत."

"हो."

"मग ते शून्य नाही ना."

त्याने हे अगदी सौम्यपणे सांगितलं. समिधाने ओटीवरून आत पाहिलं. सोनुबाईंचं सूप थांबलं होतं.

सावड इथे कोणी शिकवत नाही. एका घराचं भाताचं खाचर एका दिवसात लावून व्हायचं तर दहा हात लागतात. घरात असतात तीन. म्हणून आज सगळे तुझ्याकडे, उद्या सगळे माझ्याकडे. त्यात पैसा नाही, आणि ते कोणी लिहून ठेवत नाही, कारण विसरणारं घर पुढच्या आषाढात चिखलात एकटं उभं राहतं. शेतातला दिवस चुलीपुढे आणायची कल्पना सोनुबाईंची. पाच घरी जाऊन त्यांनी एवढंच सांगितलं होतं, सुनेनं काय तरी काढलंय, शनवारचं या. लग्नघरी पोळ्या लाटायला आलेल्या बायकांचा रोज जसा कोणी धरत नाही तसा समिधानेही धरला नव्हता. वाणिज्य शिकलेल्या बाईच्या हातून ही चूक झाली, आणि पद्मजाबाईंच्या नजरेतूनही सुटली. शहरातल्या त्या बाईंना वाटलं की बायका घरातल्याच असतील.

"ताटाची किंमत वाढवता येईल का?" अनुपमने शेवटी विचारलं.

ते तिने मार्चमध्ये करून पाहिलं होतं. दोन शनिवार तीनशे चाळीस लावले. चाळीसाची तेवीस ताटं झाली. चौकच्या एका ढाब्याने दोनशे ऐंशीत पोचवायला सुरुवात केली होती. टेंपो मात्र तेवढाच फिरला. "परत तीनशेवर आणली," ती म्हणाली.

"मग लेबर भरून पाठवा. पाच तारखेपर्यंत वेळ आहे."

त्या आठवड्यात तिने लेबरची ओळ दोन तऱ्हांनी भरायचा प्रयत्न केला. पहिली तऱ्हा सरळ होती: सावड आहे तशीच लिहायची. जितकी ताटं जास्त तितक्या बायका जास्त. एका बाईचा हात दिवसाला आठ ताटांचा, हा आकडा तिने त्या पाच जणींतल्या पारूकडे पाहून घेतला होता आणि पाड्यावर पारूपेक्षा सफाईने भाकरी कोणी थापत नाही. जितक्या बायका तितके परत द्यायचे दिवस. ते दिवस द्यायचे जुलैत. आणि बंगले सर्वांत भरलेले असतात तेही जुलैत, धबधब्यांसाठी. जुलैतल्या शनिवारी समिधा आणि देवेश दुसऱ्याच्या खाचरात असतील तर ताटं कमी जातील. ताटं कमी तर बायका कमी, बायका कमी तर परत द्यायचे दिवस कमी, आणि मग ताटं पुन्हा जास्त. सूत्र लिहून तिने एंटर दाबलं आणि पडद्यावर इशारा आला की हे सूत्र फिरून स्वतःवरच येतंय, उत्तर काढता येत नाही.

तिने पद्मजाबाईंना फोन लावला.

"कंस बघितलेस?"

"दोनदा बघितले."

"मग शीट बरोबर सांगतंय. तू त्याला जे सांगितलंस ते तसंच आहे."

मग बाई म्हणाल्या, "दिवस किती झाले गं आत्तापर्यंत?"

समिधाने पहिल्यांदाच मोजले. मे संपेपर्यंत एकोणतीस शनिवार होणार होते. गैरहजेरी वजा जाता एकशे अडतीस दिवस. घरात माणसं तीन. लावणी वीस दिवसांची, म्हणजे साठ. स्वतःच्या शेताचे बारा काढले की अठ्ठेचाळीस. कापणीचे आणखी तीस धरले तरी अठ्ठ्याहत्तर. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आतच घर साठ दिवस मागे होतं, आणि हे चाळीस ताटांवर. पाचशे एक्क्याण्णव ताटांना चौऱ्याहत्तर बायका लागत होत्या. पाड्यावर घरं एकतीस.

बायकांऐवजी यंत्र घालता येईल का, हे बघायला ती आणि देवेश बुधवारी पनवेलला जाऊन आले होते. दुकानदाराने मैद्याच्या गोळ्यावर यंत्र चालवून दाखवलं. समिधाने पिशवीतून घरची तांदळाची उकड काढली. पहिली भाकरी कडेला पाच ठिकाणी फुटली, दुसरी तव्यावरून उचलताना दोन झाली.

"थोडा गहू मिसळा ना," दुकानदार म्हणाला.

"मग ती चपाती झाली की रं भाऊ," देवेश म्हणाला. "चपाती खायला ते मुंबईहून कशाला येतील?"

येताना टेंपो देवेश चालवत होता. देवेश मुळात कमी बोलणारा. नेरळच्या फाटकापाशी थांबल्यावर त्याने विचारलं, "गोदामाची तारीख कंदी?"

"दहा."

"हां," तो म्हणाला.

राहिली दुसरी तऱ्हा, रोज. लावणीला बाईचा रोज साडेचारशे चालतो, जेवण वेगळं. 'कुठून आला' या रकान्यात लिहायला ते पक्कं होतं, तलाठ्यापासून टपरीपर्यंत कोणीही सांगितलं असतं. पण नुसतं लिहून भागणार नव्हतं. अनुपमने मेलमध्ये कळवलं होतं की रोज द्यायचा ठरलाय असं बायकांना सांगून मग लिहा. शनिवारी २३ मेला, ताटं रवाना झाल्यावर, तीन वाजता मागच्या पडवीत बायका जेवायला बसल्या. भाताची रोपं करायचे राब भाजून झाले होते, त्यामुळे कोणाला घरी जायची घाई नव्हती.

"पुढल्या शनवारपासून रोज देणार," समिधा म्हणाली. "साडेचारशे. खात्यात."

पारूने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडात घातला, चावून झाला, मग विचारलं, "कुनी सांगितला?"

"फंडवाल्यांनी. अजून पैसे आले नाहीत. पण लिहावं लागतंय."

"आनि लावनीला?"

"लावनीला काय?"

"तू माज्या शेतावर येशील ती सावडीनं का रोजावर?"

या प्रश्नाला समिधाच्या शीटमध्ये ओळ नव्हती. सोनुबाई मध्ये पडल्या. "झालेले दिस सावडीचे. म्होरले रोजाचे."

"मंग म्होरल्या साली माजा शेत कोन लावील? रोजावर मानसं हायत कुठं गं सोनाय? सगली रिसॉर्टात."

त्यावर पलीकडची तरुण बाई, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, हसत म्हणाली, "रिसॉर्टात पाचशे देतात. चादरी बदलायच्या. वर पंखा, जेवान फुकट."

"ऐकलास?" पारू म्हणाली. "हितं यायचो ती तुज्या सासूच्या तोंडाकडं बघून. रोजावरच जायचा तं पंख्याखाली जाऊ. धुरात कशाला मरू?"

"असं नाय गं पारू."

"आनि रोजानं बोलवलास तं मोजून थापीन. आठ ताटं झाली का उठले. आज किती केली मी?"

समिधाला आकडा माहीत होता. बारा. दोघी आल्या नव्हत्या, त्यांची चार पारूने अंगावर घेतली होती.

बायका हसल्या, समिधाही हसली. भांडण कोणी केलं नाही. जाताना एकीने नेहमीप्रमाणे उरलेलं बिरडं मागून घेतलं. पण पुढच्या शनिवारी, ३० मेला, पहाटे सहा वाजता चूल पेटली तेव्हा पाचांतली एकटी पारू आली. तरुण बाई आणि तिच्या ओळखीने बाकीच्या तिघी रिसॉर्टात लागल्या होत्या. मागणी अडतीस ताटांची होती. पारू, सोनुबाई आणि समिधा मिळून सतरा झाली. उरलेल्या एकवीस ताटांचे फोन समिधाने स्वतः केले. बहुतेक लोक चांगलं बोलले. एकाने विचारलं, "हे तुम्ही शुक्रवारी नाही का सांगू शकत?" आणि तिला ते बरोबर वाटलं.

पारूला तिने त्या दिवशी विचारलं, "तू कशी आलीस?"

"सावडीनं," पारू म्हणाली. "रोजाचा मी ऐकलाच नाय."

गुरुवारी ४ जूनला संध्याकाळी पाच वाजता समिधाने लेबरच्या ओळीत साडेचारशे घातले. पाच बायका, चाळीस ताटं: ताटाला छप्पन्न रुपये पंचवीस पैसे. उरत होते त्रेचाळीस. छत्तीसही रकाने एकदम लाल झाले. पहिल्या महिन्याचा तोटा दोन हजार दोनशे पंच्याण्णव, छत्तीसाव्याचा चौतीस हजारांच्या जवळ. भाकरी हातानेच होणार, म्हणून धंदा जेवढा वाढेल तेवढा तोटा वाढत होता, आणि वाढीचा आकडा आठ टक्के ठेवा की दोन, रेघ खालीच जात होती. मार्चमधल्या चाळीस रुपयांच्या वाढीचं काय झालं होतं तेही तिने आता तपासलं. तेवीस ताटांना तीन बायका आणि अख्खी टेंपोची फेरी: ताट पडत होतं तीनशे पन्नासला आणि विकलं होतं तीनशे चाळीसला. तेव्हा ते तिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तेव्हा बायकांच्या ओळीत शून्य होतं.

देवेश मागे उभा राहून बघत होता.

"अर्धा लिव," तो म्हणाला. "सव्वादोनशे. अर्धा दिवस येतात म्हनून सांग."

तिने दोनशे पंचवीस लिहिलं. लाल गेलं. आलेखाची रेघ उजवीकडे वर चढली, कॉफीच्या दुकानासारखी. ती आलेखाकडे बघत राहिली, देवेशही.

"यात वाईट काय हाय?" देवेश म्हणाला. "वीस लाख आले का मग खरा रोज देऊ."

"कशातून?"

"आले का बघू."

तिचा कर्सर शेजारच्या रकान्यात गेला. 'कुठून आला'. बाकी सगळ्या निळ्या आकड्यांपुढे काही ना काही होतं: पावती, पंपाचं बिल, केअरटेकरचं नाव, पारूचा हात. या एकापुढे ती काय लिहावं ते शोधत राहिली. 'अंदाज' लिहिलं आणि खोडलं. 'देवेश' लिहिलं, तो म्हणाला, "माझं नाव कशाला घालतेस." पाच वाजून बावीस मिनिटांनी तिने पुन्हा साडेचारशे केले आणि फाइल पाठवली.

"वेडीच हायस," देवेश म्हणाला आणि टेंपो धुवायला गेला.

अनुपमचा मेल सोमवारी ८ जूनला आला. मॉडेल अतिशय स्वच्छ आहे, सगळ्या गृहीतकांना पुरावा आहे, मात्र या टप्प्यावर फंड गुंतवणूक करू शकत नाही. खाली एक विनंती होती. पुढच्या तुकडीला शिकवताना हे मॉडेल नाव काढून उदाहरण म्हणून वापरलं तर चालेल का? समिधाने उत्तर लिहिलं: "हो, वापरा." मग त्याच दुपारी तिने अठरा केअरटेकरांना फोन करून सांगितलं की शनिवारची ताटं बंद. त्यातल्या चौदांनी विचारलं, मग आता कोण देणार? दोघांनी चौकच्या ढाब्याचा नंबर आधीच घेतला होता.

१० जूनला ती गोदामात रुजू झाली. जागा तीच, हातातलं स्कॅनर नवीन, पगार सतरा हजार दोनशे. सहा वर्षांची जुनी नोकरी मोजली गेली नाही. नव्याने आलेल्याला पहिले सहा महिने साप्ताहिक सुट्टीखेरीज रजा नाही, आणि ही सुट्टी तिच्या वाट्याला आली ती गुरुवारची.

पुढच्या गुरुवारी ती कर्जतला पद्मजाबाईंकडे गेली. द्यायला काही नव्हतं म्हणून घरचे वाल नेले. तिने पाठवलेलं मॉडेल बाईंनी कागदावर छापून ठेवलं होतं आणि समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, बारावीच्या पेपरासारख्या.

"नव्वद," त्या म्हणाल्या.

"दहा कशाचे कापले?"

बाईंनी लेबरच्या ओळीवर बोट ठेवलं. "पाच बायका. पारू आणि बाकीच्या चौघी. बरोबर. सहावी कुठे आहे?"

"सहावी कोण?"

"नोव्हेंबरपासून तू पहाटे सहाला उठून काय करत होतीस? गुरुवारी फोन, शुक्रवारी बाजार, शनिवारी चूल. आणि तुझी सासू?" त्यांनी चष्मा काढला. "तुम्हा दोघींच्या ओळीत अजून शून्यच आहे गं. मला ते तुझ्या पहिल्या शीटमध्येच दिसायला हवं होतं. मला पण दिसलं नाही, तेव्हा तुझे दहा आणि माझे दहा."

समिधाने तिथेच मोबाइलवर गणित केलं. दोघींचा शनिवारचा रोज धरला तर तोटा तेरा रुपये पंचवीस पैशांवरून पस्तीस रुपये पंच्याहत्तर पैशांवर जात होता. गुरुवार आणि शुक्रवार धरलेच नव्हते. बाईंनी चहा टाकला. निघताना बाईंनी कागद परत दिला, तो तिने पर्समध्ये घडी करून ठेवला.

धंदा बंद झाला तरी सावड बंद होत नाही. जूनअखेर आवण, म्हणजे लावणीची रोपं, वर आलं तेव्हा सोनुबाई संध्याकाळी पाचही घरी जाऊन बसल्या. चार घरांचं ठरलं: देवेश आणि सोनुबाई जातील, दोन वर्षांत उतरवतील, कमी पडलं तर देवेशचा टेंपो भात वाहायला. सोनुबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत; गेल्या पावसाळ्यात गुडघ्यामुळे त्यांना आपल्याच शेतातून दोनदा बाहेर काढावं लागलं होतं, पण हे त्या घरांत निघालं नाही. पाचवं घर पारूचं. पारू एकोणतिसांपैकी सत्तावीस शनिवार आली होती.

बुधवार, ८ जुलैला समिधा गोदामातून परतली तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते. पारू ओटीवर सोनुबाईंशी बोलत बसली होती. पायांना सुकलेला चिखल होता.

"दमलीस गं?"

"नाय. बस वेळेवर होती." समिधाने डबा खाली ठेवला. "पारू, मी काय म्हणते. सत्तावीस दिवसांचे मी मजूर लावून देते. दर महिन्याला पगारातून थोडे थोडे. साडेचारशेनं, आता तू म्हणशील तर पाचशेनं."

"मजूर हायत कुठं?"

"कर्जतच्या नाक्यावर बघू."

"सावडीला कुनी नाक्यावरची मानसं धाडतो काय?" पारूच्या आवाजात राग नव्हता. "मी काय मानूस धाडला व्हता तुज्या चुलीवर? मी आले. तू ये."

"मला गुरुवार सोडून सुट्टी नाय."

"मंग गुरवारचं ये."

"लावणीचे गुरुवार तीनच पडतात. कापणीचे दोन."

"पडूं देत."

वर्षाला पाच. पाच वर्षांनी पंचवीस, वर दोन गुरुवार सहाव्या लावणीतले. हे तिने मोठ्याने म्हटलं नाही, पण सोनुबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांनाही हिशेब येत होता.

"तोवर मी जित्ती असले म्हंजे झाला," पारू म्हणाली आणि उठली. पायरीवर थांबून तिने विचारलं, "तुजा इरला हाय का? का त्यो पन इकलास?"

"हाय."

"आनि भाकरी तुजी तू घेऊन ये. मला येल नाय थापायला."

उद्या गुरुवार, ९ जुलै. पारूच्या वरच्या खाचरात लावणी सकाळी सात वाजता सुरू होते. समिधाची गोदामातली पुढची पाळी परवा, शुक्रवारी. त्या पाळीची बस कर्जतच्या चार फाट्यावरून सुटते, तीही सातलाच.